फिरलेला कडा

यंदा एप्रिल लागला आणि माझी कंबर धरली. मंडईत टोमॅटो निवडायला वाकले ती तशीच राहिले. भाजीवाल्या मावशी घाबरून म्हणाल्या, "अहो मॅडम, पाया कशाला पडताय? कोथिंबीर देते की वरनं." कोथिंबीर घेऊन, काटकोनात चालत मी रिक्षापर्यंत पोचले.

डॉक्टरांनी चार दिवस घरी बसवलं. गॅलरीत खुर्ची टाकून मी बसून राहिले. पुण्यातला एप्रिल नुसता बसून बघण्यासारखा असतो हे मी विसरूनच गेले होते. समोरच्या अभ्यासिकेबाहेर स्पर्धा परीक्षांची मुलं चहाचे कप हातात धरून घटनेची कलमं पुटपुटत असतात. शेजारीच बहावा पिवळाजर्द फुललेला असतो, पण मान वर करून त्याच्याकडे बघायला त्यांना सवड नसते. खालच्या मजल्यावरून पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा वास येतो. अकराला वारा पडतो तो पाचलाच उठतो. आणि गॅलरीच्या कठड्याची सावली फरशीवरून आखडत आखडत पुन्हा कठड्याकडे सरकते. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की, मी वर्तमानपत्राच्या कडेला त्या सावलीच्या वेळा टिपून ठेवते आहे. नऊ वाजून बारा मिनिटं. नऊ वाजून एकवीस. त्या कुणाला नको होत्या, कुणी विचारल्याही नव्हत्या.

ही खोड मला सरांनी लावली. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. राहायचे नारायण पेठेत आणि बोलायचेही नारायण पेठेतलंच. विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणायचे आणि त्या 'आपण'ची धार अशी की त्यापेक्षा 'अरे गाढवा' परवडलं असतं. पहिल्याच दिवशी खडकवासल्याहून येणारी माझी बस अर्धा तास उशिरा पोचली. सर घड्याळाकडे न बघता म्हणाले, "वाघमारे, आपण आलात हेच फार झालं. खडक साडेसहा कोटी वर्षं थांबलेत, अर्ध्या तासानं त्यांचं काय जातंय?" त्यानंतर चार वर्षं मी आधीची बस पकडली.

माझा विषय काय, हे सांगताना नातेवाइकांत माझी फार पंचाईत व्हायची. भ्रंश म्हणजे खडकाला गेलेली मोठी चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात. नुसतं 'भ्रंशाचा अभ्यास करते' म्हटलं की आत्या काळजीनं आईकडे बघायची, कारण तिला त्या शब्दाच्या आधी 'बुद्धी' ऐकायची सवय. विषय खरंतर साधा होता. अशा चिरेतून फार पूर्वी कधीतरी गरम पाणी वाहून गेलेलं असतं. ते जाताना मागे तांबूस गंज ठेवून जातं. गंजाचे कण तयार होताना त्या काळची चुंबकीय उत्तर जिकडे असेल तिकडे तोंड करतात आणि मग सहसा मान वळवत नाहीत, एकदा मत बनलेल्या पुणेकरासारखे. दरम्यान अख्खा भारत दक्षिण गोलार्धातून हळूहळू वर सरकत इथवर आला. त्यामुळे गंजाचं तोंड कुठल्या दिशेला आणि किती कललेलं आहे हे मोजलं, की प्रवासाच्या कुठल्या टप्प्यावर ते पाणी वाहिलं याचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं मी एकदा बाबांना समजावून सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात रोज उतरायचं, झिरपलेलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. धरण म्हटलं की थोडं झिरपायचंच, फक्त किती ते रोज बघावं लागतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी झिरपून गेलं, आटलं, आणि तू आता मोजतेस?"

"हो बाबा."

"आमच्याकडे एक दिवस उशिरा मोजलं तर साहेब रजा टाकायचे माझी. आणि तुला डॉक्टर करणार?"

चिडवायचे, पण अभिमान त्यांच्या अंगात मावत नव्हता. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टरेट. प्रबंध लिहूनही झालेला नव्हता, तोवर त्यांनी पितळेची पाटी बनवून आणली. 'डॉ. सुजाता वाघमारे'. मी सवयीनं तिच्याजवळ होकायंत्र धरून पाहिलं. सुई हलली नाही, म्हणजे पितळ अस्सल होतं. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली गेली आणि बाबांनी जाहीर केलं की, बुद्धपौर्णिमेला ती दारावर लागणार. प्रबंध दिला म्हणजे पदवी मिळाली असं होत नाही, मध्ये परीक्षक असतात, महिने जातात, हे मी परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी सोडलं की कालव्यात पोचतंच."

आमच्या प्रयोगशाळेत एक छोटी खोली होती. बाहेरचं चुंबकत्व आत शिरू नये म्हणून तिला खास धातूचं अस्तर लावलेलं. आत दगडांचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. ते इतकं नाजूक की साडीच्या पिनेनंही बिथरायचं. दाराशी शिंदेमामा एक स्टीलचं ताट घेऊन बसायचे. "किल्ल्या, घड्याळ, मोबाईल," एवढं म्हणून ताट पुढे करायचे, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याच्या निर्विकारपणे. दारावर सरांच्या अक्षरातली सूचना होती: 'आत लोखंड नेऊ नये. स्वतःला लोहपुरुष समजणाऱ्यांनीही विचार करून यावे.'

शेजारच्या फळ्यावर एक पिवळं पडलेलं कात्रण टाचलेलं होतं. सरांनी एका दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिलेलं पत्र. शहरात तेव्हा चुंबकाच्या गाद्या, चुंबकाची पाणी पिण्याची भांडी, चुंबकाचे पट्टे यांची प्रदर्शनं भरत होती. सरांनी लिहिलं होतं की, रक्तातलं लोह चुंबकाकडे असं ओढलं जात असतं, तर आमच्या प्रयोगशाळेत आलेला प्रत्येक माणूस भिंतीला चिकटून बसला असता आणि त्याला सोडवायला अग्निशामक दल बोलवावं लागलं असतं. नवीन विद्यार्थ्याला सर आधी हे कात्रण वाचायला लावायचे, मग बसायला सांगायचे.

तर माझ्या शेवटच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आम्ही नमुने काढायला जात होतो. कात्रजचा घाट उतरल्यावर एका जुन्या रस्त्यासाठी कापलेला कडा होता. त्याच्या शेजारून कोरडा नाला गेलेला, आणि तो नाला बरोबर भ्रंशाच्या चिरेतून. म्हणजे नाल्याच्या अलीकडचा कडा भ्रंशाच्या एका बाजूचा, पलीकडचा दुसऱ्या बाजूचा. आम्ही हातातल्या पेट्रोलच्या यंत्रानं खडकाला भोकं पाडून अंगठ्याएवढ्या दगडी कांड्या काढायचो. कांडी मोडून घ्यायच्या आधी ती कुठल्या दिशेला होती हे होकायंत्रानं मोजून तिच्यावर बाण काढायचा. बाण चुकला की कांडी फेकून द्यायच्या लायकीची. मग तिच्यातल्या गंजाची मान कुठेही वळलेली असली तरी ती कुठल्या दिशेला, ते कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी बकऱ्या घेऊन एक म्हातारे आजोबा आले. यंत्राचा आवाज ऐकून उभे राहिले.

"बोअर हाय का?"

"नाही, नमुने घेतोय," मी म्हटलं.

"पाणी लागलं का?"

सर वाकलेलेच होते. तसेच म्हणाले, "लागलं. पण ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहून गेलं."

म्हाताऱ्यांनी क्षणभर विचार केला. "सरकारी मान्सं उशिराच येत्यात," म्हणाले आणि बकऱ्या हाकत निघून गेले. सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले, मग त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

आमच्या काळ्या खडकातही चुंबकत्व असतं आणि ते होकायंत्राला कधीकधी फसवतं. म्हणून सरांचा दंडक होता: होकायंत्राबरोबर सूर्यही मोजायचा. एका तबकडीवर उभी काडी असते, तिची सावली कुठल्या अंशावर पडली आणि त्या क्षणी किती वाजले होते हे वहीत लिहायचं. सूर्य त्या वेळी कुठे होता हे गणितानं काढता येतं, आणि त्यावरून दिशा. "होकायंत्र हे साक्षीदार आहे, वाघमारे," सर म्हणायचे, "साक्षीदार फितूर होतात. सूर्य फितूर झाल्याचं अजून ऐकिवात नाही." पण एप्रिलच्या भर दुपारी पुण्यात सावली पायाखाली जाते. मग आम्ही करंजाच्या झाडाखाली बसून आईनं दिलेली भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी खायचो. सर अंड्याकडे पाहायचे, इकडेतिकडे पाहायचे, आणि मग "नमुना म्हणून" एक घ्यायचे.

अलीकडच्या कड्यावरची सगळी होकायंत्राची मापं सरांनी घेतली. ते कड्याला पोट लावून, होकायंत्रावर ओणवे होऊन आकडा सांगायचे, मी तो लिहायचे आणि सोबत सावली, वेळ. नाला उतरून पलीकडे मात्र सर येत नव्हते. "आपण जा. गाईडचं बोट धरून पीएच.डी. होत नाही." मला वाटलं, केवढा हा विश्वास! मी धडपडत नाला उतरले, पलीकडची सगळी मापं एकटीनं घेतली.

प्रयोगशाळेतही सर त्या वर्षी यंत्राच्या खोलीत पाऊल ठेवत नव्हते. दारात उभे राहून विचारायचे, "काय आलं?" मी म्हणायचे, "सर, आत येऊन बघा ना." ते म्हणायचे, "आपणच बघा. स्वावलंबी व्हा." शिंदेमामा ताट पुढे करायचे आणि सर ताटाकडे असे बघायचे जसं कुणी नको असलेलं पान वाढलंय.

आठवडाभर भट्टी पेटलेली होती. कांड्या थोड्या थोड्या तापवायच्या, वरवरचं अलीकडचं चुंबकत्व उतरवायचं, आतलं जुनं मोजायचं. बाहेर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते, बाबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तिकडे होते आणि मी इकडे भट्टीसमोर घाम पुसत होते. संध्याकाळी सगळे आकडे कागदावर मांडले आणि मी सरांना बोलावलं. पलीकडच्या कड्यातला गंज एका दिशेला तोंड करून होता. अलीकडच्या कड्यातला त्यापासून चांगला पंधरा-वीस अंश वळलेला. कल मात्र दोन्हींचा सारखाच.

सर कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कडा फिरलाय."

म्हणजे असं, की पाणी वाहून गेल्यावर, गंज बसल्यावर, भ्रंशाच्या अलीकडची अख्खी बाजू जागच्या जागी गिरकी घेऊन वळली. डोंगराचा तुकडा फिरला! आमच्या विषयात ही मोठीच बातमी होती. सरांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचं पहिलीतलं रूप दिसलं. दुसऱ्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगू लागले. शिंदेमामांना सांगितलं. शिंदेमामा म्हणाले, "तरीच घाटात गाडी लागते." सरांनी एका परिषदेला गोषवारासुद्धा पाठवून दिला. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण ठरलं. सूर्याचं गणित किचकट होतं, ते अजून व्हायचं होतं, पण आता ती केवळ औपचारिकता वाटत होती.

ते गणित मी केलं. परिसंवादाला आठ दिवस राहिले होते. प्रबंध सादर करण्याआधी सगळ्यांसमोर आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर बोलावं लागतं, तो परिसंवाद. सूर्याच्या आकड्यांनी दिशा काढल्या आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पलीकडे सूर्य आणि होकायंत्र यांचं अगदी गुण्यागोविंदानं जमत होतं. अलीकडे मात्र प्रत्येक मापात पंधरा-वीस अंशांचा फरक. सूर्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही कड्यांतला गंज एकाच दिशेला बघत होता. कडा कुठेही फिरलेला नव्हता.

कागद घेऊन मी तडक नारायण पेठेत गेले. सर दूध आणायला गेले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, दार उघडलं. "ये गं, बस. पन्हं घे." मी बसले, आणि समोर खुंटीवर मला तो दिसला. करड्या रंगाचा, रुंद, कंबरेचा पट्टा. त्याच्यावर एका ओळीत टाचण्या, साडीच्या पिना, केसांचे आकडे आणि दोन शिवणाच्या सुया उभ्या चिकटलेल्या.

"हे काय काकू?"

"ते होय? ह्यांचा चुंबकाचा पट्टा. त्या प्रदर्शनातनं मीच आणला. कंबर फार धरते गं त्यांची, जिना उतरवत नाही. आज कव्हर धुवायला काढलं म्हणून घरात आहे, नाहीतर काढत नाहीत अंगावरनं. माझं एक बरं झालं, पिना हरवत नाहीत." मग एकदम जीभ चावून म्हणाल्या, "अगबाई, तुम्हा मुलांना सांगू नको म्हणाले होते."

माझ्या पिशवीत होकायंत्र होतं. काकू पन्ह्यात वेलची घालायला आत गेल्या तेवढ्यात मी ते काढून पट्ट्याजवळ नेलं. सुईनं उत्तर सोडली आणि सरळ काकूंच्या टाचण्यांकडे तोंड केलं.

तेवढ्यात सर आले. मी घाईघाईनं होकायंत्र पिशवीत टाकलं आणि त्यांना फक्त आकडे दाखवले. "सर, सूर्यानं काढलं तर कडा फिरत नाही." ते उभ्या उभ्याच कागद वाचत राहिले. दुधाची पिशवी हातातच होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मग म्हणाले, "अलीकडचा खडक जास्त चुंबकीय असेल. त्यानं होकायंत्र फसवलं. तसं लिहा." आणि दूध घेऊन आत गेले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. काम तर सोपं झालं होतं. सूर्याचे आकडे घ्यायचे, खडकावर एक वाक्य ढकलायचं, आणि पुढे जायचं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मी दोन्ही बाजूंचे दगड स्वतः मोजले होते. दोन्हीकडचा खडक एकच, चुंबकत्वही जवळजवळ एकच. मी खोटं लिहिणार होते आणि ते एका दगडाबद्दल खोटं होतं, ज्याची बाजू घ्यायला कुणी येणार नव्हतं. खरं लिहावं तर सरांची शोभा. ते कात्रण, ते अग्निशामक दल, चाळीस वर्षांचा दबदबा, आणि पोटावर प्रदर्शनातला पट्टा. मला सर फार आवडायचे, हे त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं. बाबा कपाटावरची पाटी काढून पुसत होते आणि स्क्रू कुठले चांगले हे शेजाऱ्यांना विचारत होते. शेवटी मी ते वाक्य लिहिलं: 'अलीकडील बाजूच्या खडकाच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राच्या मापात फरक पडला असावा.' त्यातल्या 'असावा'वर मी सगळा भार टाकला होता.

परिसंवाद झाला. खोलीत पंखे होते, पण ते वारा सोडून सगळं देत होते. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मला वाटलं झोपल्या. माझं बोलून झालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"दोन्ही बाजूंचा खडक सारखा आहे असं तुमचाच तक्ता सांगतो. मग होकायंत्र एकाच बाजूला का फसलं?"

मी तक्त्याकडे पाहिलं. शिंदेमामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी तो सगळा प्यायले. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. सर उभे राहिले होते. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"प्रश्न उत्तम आहे," ते म्हणाले. "उत्तर विद्यार्थिनीकडे नाही. माझ्याकडे आहे."

त्यांनी खोचलेला शर्ट एका बाजूनं बाहेर काढला, आत हात घातला, आणि त्या शांत खोलीत वेल्क्रो उचकटल्याचा आवाज आला: चर्रर्र. पट्टा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. टेबलावरच्या पेपरक्लिपा टपाटप त्याला जाऊन चिकटल्या. माझं होकायंत्र तिथेच होतं, त्याची सुई गरकन फिरली.

"अलीकडची सगळी मापं मी घेतली. घेताना हा माझ्या कंबरेला होता. पलीकडे मी गेलो नाही, कारण मला नाला उतरवत नाही. खडकाची यात काही चूक नाही."

कुणी हसलं नाही. परीक्षक बाईंनी पट्ट्याकडे पाहिलं, मग सरांकडे. फार मायेनं विचारलं, "फरक पडतो का पण?"

"होकायंत्राला पडतो," सर म्हणाले. "कंबरेचं सांगता येत नाही."

मग मात्र खोली हसली, बाईही हसल्या, आणि मला एकदम रडू आलं. लोकांना वाटलं, दडपणानं. शेवटचं प्रकरण पुन्हा लिहा, सगळी मापं सूर्यावरून काढा, सहा महिन्यांनी या, असं ठरलं.

नंतर व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. "आपल्याला माहीत होतं."

"हो सर. आठ दिवस. टाचण्यांसकट पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला लोक काय म्हणतील असं वाटलं."

सर बाहेर राहिलेला शर्ट आत खोचत म्हणाले, "मलाही त्याच दिवशी कळलं. रोज सकाळी पट्टा बांधताना ठरवत होतो, की आज सांगतो." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आपण दोघांनी मिळून आठ दिवस एका निरपराध दगडावर आळ घेतला, वाघमारे. सूर्यानं सोडवला म्हणून बरं. आता ते 'असावा' काढून टाका."

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं की, बुद्धपौर्णिमेला पाटी लागणार नाही. ते खट्टू होतील असं वाटलं होतं. झालेही, पण क्षणभरच. मग मी काय झालं ते सगळं सांगितलं, तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मोठा माणूस आहे. एकदा चुकीचा आकडा वहीत गेला ना, की माणसं नवी वही मागवतात, खाडाखोड करत नाहीत." पाटी पुन्हा वर्तमानपत्रात गेली. "पितळ आहे," म्हणाले, "कुजत नाही." पौर्णिमेला आम्ही नुसतीच खीर खाल्ली. दोन्ही कड्यांचं मिळून शेवटी जे उत्तर आलं, तेही मी त्यांना सांगितलं. लाव्हा थंड झाल्यानंतर बऱ्याच काळानं, आपला हा भाग विषुववृत्ताच्या जवळपास असताना ते पाणी वाहिलं होतं. बाबा घाम पुसत म्हणाले, "पुणं विषुववृत्तावर होतं? मग अजून पुरतं हललेलं दिसत नाही."

त्या दिवसानंतर सर पुन्हा यंत्राच्या खोलीत येऊ लागले. शिंदेमामांचा पाठ बदलला: "किल्ल्या, घड्याळ, मोबाईल, पट्टा." सर दाराशी उभे राहून चर्रर्र करायचे आणि पट्टा ताटात ठेवायचे. पहिल्या दिवशी सगळे बघत होते, चौथ्या दिवशी कुणी मान वर केली नाही. फळ्यावरचं कात्रण त्यांनी काढून टाकलं असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं काढलं. त्याखाली लाल शाईत एक ओळ वाढली होती: 'मत कायम आहे. कंबर राहिलेली नाही.'

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. मला त्यांची रोज आठवण येते असं म्हणणार नाही, पण एप्रिलमध्ये येते, सावली सरकायला लागली की. यंदा माझी कंबर धरल्याचं ऐकून काकू भेटायला आल्या. रिक्षातून, एकट्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पट्टा काढला. कव्हर नवीन शिवलेलं, पण त्याच्यावर चार टाचण्या अजून उभ्या होत्या. चुंबकाला वय होत नाही.

"नवा कशाला घेतेस? ह्यांचा आहे ना."

"काकू, अहो, मी शिकवते काय आणि..."

"तुझं मत राहू दे तुझ्याजवळ. कंबर इकडे कर."

बांधला. काय सांगू, ऊब येते हे खरं. बाकीचं सरांना सांगता आलं नाही, मलाही येत नाही.

सोमवारी कामावर गेले. आता ती प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. शिंदेमामा निवृत्त झाले, ताट तिथेच स्टुलावर असतं. माझी विद्यार्थिनी आत नमुने मोजत होती. आतूनच ओरडली, "मॅडम, प्लीज आत या ना, एकदम वियर्ड रीडिंग येतंय!" मी कुर्त्यावरून कंबरेला हात लावला. व्हरांड्यात कुणी नव्हतं. आणि माझ्या तोंडून अगदी सहज वाक्य निघालं, "तूच बघ. स्वावलंबी हो."

स्वतःचा आवाज ऐकून मी दारातच थांबले. ताटात तिच्या किल्ल्या होत्या, घड्याळ होतं, मोबाईल होता, आणि एका बाजूला जागा रिकामी होती.

चर्रर्र.

"मॅडम, कसला आवाज झाला?"

"काही नाही गं," मी आत शिरत म्हटलं. "कडा जागेवर आणला."